दारावर कागद चिकटवणाऱ्या एका शिक्षिकेचं खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
महाराष्ट्र राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
मंत्रालय, मुंबई.

विषय : पुढच्या साथीचा आराखडा करताना मागच्या साथीतल्या आदेशांचा हिशेब घेण्याबाबत.

महोदय,

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. कोरोनाच्या काळात मी तुमचीच माणूस होते. एप्रिल २०२० मध्ये एका पानाचं नियुक्तीपत्र आलं आणि मी जिल्ह्याच्या सीमेवरच्या चेकनाक्यावर जाऊन बसले. मग रेशन दुकानावर, मग माझ्याच शाळेत उघडलेल्या विलगीकरण कक्षावर, आणि सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या सर्वेक्षणात. कुणाला आत सोडायचं, कुणाला माघारी लावायचं, कुणाच्या दारावर कागद डकवायचा, ही कामं मी स्वतःच्या हातांनी केली. तेव्हा या पत्रात कुठे तक्रार दिसली, तर आरोपींच्या यादीत माझंही नाव धरावं.

आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम २३ प्रमाणे राज्याचा आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करायचा असतो. जिल्ह्यांनाही तोच नियम आहे. साथीचं प्रकरण लिहिताना तुम्ही खाटा, ऑक्सिजन, व्हेंटिलेटर, लशींच्या शीतपेट्या यांचा हिशेब मांडाल, आणि तो मांडायलाच हवा. मला त्यात एक रकाना वाढवून हवा आहे. आपण काढलेल्या प्रत्येक आदेशाने लोकांकडून काय घेतलं, ते लिहिण्याचा.

हा रकाना नसला की काय होतं त्याचं एकच उदाहरण देते. ८ मे २०२० च्या पहाटे, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून भुसावळकडे पायी निघाले होते, तिथून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी जायचं होतं. गाड्या बंद आहेत या समजुतीने थकून रुळांवरच झोपले. रुळांवर पडलेल्या चपात्यांचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. त्यांच्या मृत्यूची नोंद रेल्वे अपघात अशी आहे. कोरोनाच्या यादीत ते बसत नाहीत, आणि ज्या आदेशांनी त्यांना रुळांवरून चालायला लावलं त्या आदेशांची यादीच नाही.

आता आमच्याकडचं सांगते.

आमच्या तालुक्यातली निम्मी घरं दिवाळीनंतर कुलूपबंद होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली, टोळ्या सांगली-कोल्हापूरपासून पार कर्नाटकापर्यंत ऊस तोडायला जातात. मुलांनी मागे राहून शाळा शिकावी म्हणून शाळांतच हंगामी वसतिगृहं चालतात. दोन वेळचं जेवण शाळेत, झोपायला आजी-आजोबांकडे. मार्च २०२० च्या मध्यावर शाळा बंद करण्याचा आदेश आला आणि शाळेबरोबर हे जेवणही बंद झालं. हा आदेश लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, मला वाटतं, शहरातली शाळा असावी. मुलं घरी जातील, घरी आई असेल, असं त्याने धरलं. आमच्या मुलांच्या आया तेव्हा ३०० किलोमीटरवर उसाच्या फडात होत्या.

आठवडाभरात सगळा देश बंद झाला. २५ मार्च, पहिला दिवस, नेमका गुढीपाडवा होता. आमच्याकडे पाडव्याच्या आगेमागे टोळ्या परतू लागतात. त्या वर्षी जिल्ह्यांच्या सीमा बंद. साखर कारखाने मात्र अत्यावश्यक ठरून चालू होते, म्हणजे ऊस तोडायला परवानगी होती आणि घरी जायला नव्हती. १७ एप्रिलला राज्याने तपासणी करून या मजुरांना घरी सोडायचं ठरवलं, तोवर जवळपास महिना गेला होता. त्या महिन्यात माझ्या शाळेतली मुलं काय खात होती, हे मला चेकनाक्यावर बसून कळायला मार्ग नव्हता. एका आजीने नंतर सांगितलं, “बाई, सकाळची भाकर रातच्याला आन् रातची सकाळी.” म्हणजे एक वेळ.

माणसं आली ती रात्रीची, ट्रकमधून, बैलांसकट. गावाने ठरवलं होतं की १४ दिवस गावात पाऊल नाही. रानातच कोप्या घातल्या. सहा महिन्यांनी आई दिसत होती, पण बांधापलीकडे. आजी भाकरी-कालवण बांधावरच्या दगडावर ठेवायची आणि मागे सरायची, मग सून पुढे यायची आणि उचलायची. पहिलीतला एक पोरगा सारखा बांध ओलांडायला बघायचा, म्हणून त्याच्या चुलत्याने त्याला पायाला धरून फरफटत घरी आणला. मी तिथेच होते. यादीत नावं लिहीत होते. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या पोरांनी ‘चेकनाका’ नावाचा खेळ काढला. गल्लीला आडवी दोरी, एकाच्या हातात छडी, आणि “पास दाखव”. पास नसला की उठाबशा. मोठी माणसं हसायची. मलाही हसू आलं होतं, ते आज आठवलं की लाज वाटते.

आता त्या कागदाबद्दल.

बाधित सापडला की घराच्या दारावर कागद लावायचा: नाव, तारीख, किती दिवस कुणी आत-बाहेर करायचं नाही ते. समोर आडवे बांबू. मी असे १७ कागद लावले. त्यातलं एक घर पिठाच्या गिरणीवाल्या आबांचं. त्यांचा मुलगा भोसरीला ड्रायव्हर होता, काम सुटलं म्हणून गावी आला, आठ दिवसांनी ताप. मुलगा बरा झाला, बाकी कुणाला काही झालं नाही. पण गिरणीवर दळण यायचं थांबलं. बायका दोन किलोमीटर चालून शेजारच्या वस्तीवर दळण न्यायला लागल्या. चार महिन्यांनी आबांनी गिरणीची मोटर विकली. आबा बोलायचे बंद झाले ते त्यानंतर. पारावर यायचे नाहीत, कुणी हाक मारली तर आत निघून जायचे. घरच्यांनी देवऋषी केला, मग जिल्ह्याच्या गावी डॉक्टर केला. हा आजार कोरोनाने झाला की कागदाने, हे मी डॉक्टर नसूनही सांगू शकते.

कागद लावायचा आदेश लेखी होता. मुदत संपल्यावर तो काढायचा कुणी, याचा आदेश माझ्याकडे कधीच आला नाही. मीही काढायला गेले नाही. आबांच्या दारावरचा कागद जुलैच्या पावसाने गेला, खळीचे डाग राहिले. ९ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सक्षम अधिकाऱ्याचा तसा खास आदेश असल्याशिवाय घरांवर असे फलक लावू नयेत. ती बातमी मी वर्तमानपत्रात वाचली. ज्यांच्या दारांवर आधीच लावून झाले होते त्यांना जाऊन कुणी दोन शब्द बोलावं, अशी एका ओळीची सूचनाही कुठून आली नाही.

शिकवण्याची सवय जात नाही म्हणून इथे थोडा इतिहास. मार्च २०२० मध्ये आपल्या राज्याने ज्या साथरोग कायद्याचा आधार घेतला तो ४ फेब्रुवारी १८९७ चा. मुंबईत प्लेग आला म्हणून इंग्रजांनी केलेला. त्याच्या जोरावर पुण्यात रँडने गोरे सोजीर घराघरांत घुसवले, माजघरापासून देवघरापर्यंत. त्याचा शेवट २२ जूनला गणेशखिंडीत काय झाला ते चौथीतल्या पोराला ठाऊक असतं. त्याच पुण्यात, त्याच वर्षी, सावित्रीबाई आपल्या मुलाच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करत होत्या आणि १० मार्चला त्याच रोगाने गेल्या. मी दर जानेवारीत मुलांना हे सांगत आले. त्या वर्षी चेकनाक्यावर माझ्या मनात यायचं की मी सावित्रीबाईंचं नाव घेणारी बाई, आणि उभी आहे ती कुणाच्या बाजूला? उत्तर सोपं नव्हतं, कारण रोग खराच होता. आमच्याच गावातली नऊ माणसं त्याने नेली.

त्यातले एक माझे धाकटे दीर. एप्रिल २०२१, दुसरी लाट. जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात ११ दिवस होते. पहाटे फोन आला. पुतण्या धावत गेला तेव्हा सगळं पिशवीत बांधून झालं होतं. तोंड दाखवा म्हणाला, तर “नियम नाही” असं उत्तर मिळालं. स्मशानात लांब उभं राहून त्याने धूर पाहिला. माझ्या जावेला गावाबाहेरही पडता आलं नाही. दहाव्याला पिंडाला कावळा शिवायची वाट बघत नदीवर आम्ही चौघंच. भावकी नाही, माहेरची माणसं नाहीत, दुखवटा काढायला कुणी नाही. आमच्याकडे मयत झाली की बायका गळ्यात पडून रडतात, आणि त्या रडण्यात मेलेल्याचं सगळं आयुष्य सांगतात. जावेच्या गळ्यात पडायला कुणी नव्हतं, आणि मी शेजारच्या खोलीत असून तोंडाला मास्क बांधून दारात उभी होते.

ती आजही म्हणते, “तेच होते कशावरून? पिशवीत दुसरंच कुणी असलं तर?” दिरांच्या मोबाईल नंबरवर ती अजून रिचार्ज मारते. नंबर बंद पडू नये म्हणून. मुलं रागावतात, मी रागावत नाही.

आता यातलं जे मला सगळ्यात जास्त टोचतं ते. १५ मार्च २०२० रोजी, म्हणजे देश बंद होण्याच्याही आधी, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मृतदेहांबाबत सूचना काढल्या होत्या. त्यांत लिहिलं होतं की कर्मचाऱ्यांनी काळजी घेऊन पिशवीची चेन चेहऱ्यापुरती उघडून नातेवाइकांना शेवटचं दर्शन देता येईल. मृतदेहाला हात न लावता पोथी वाचणं, पाणी शिंपडणं असे विधी करता येतील. राखेपासून धोका नाही, ती गोळा करता येईल. हे मी २०२२ मध्ये वाचलं, आणि दोनदा वाचलं. नियम होता! दाखवायचं नाही असा नियम नव्हताच. वरून सुई निघाली की खाली येईपर्यंत तिची सळई होते. प्रत्येक पायरीवरचा माणूस स्वतःची मान वाचवायला थोडी भर घालतो. चेकनाक्यावर मीही घालत होते. चुलत्याच्या मयतीला निघालेल्या एका जोडप्याला मी ई-पास नाही म्हणून परत लावलं. तेव्हा सोडलं असतं तर मला कुणी फाशी देणार नव्हतं.

आजाराने गेलेल्या माणसाचं दुःख हे त्या घराचं असतं, त्याबद्दल सरकारला दोष देता येत नाही. पण निरोप न घेता आल्याचं दुःख वेगळं असतं. ते आजाराने दिलेलं नसतं. राज्यात कोरोनाने १ लाख ४८ हजारांवर मृत्यू झाल्याची नोंद आहे. त्यातल्या किती घरांना तोंड पाहायला मिळालं? हा आकडा सरकारने कधी मागितलाच नाही.

शाळांकडे येते. तारखा ओळीने मांडते, तुम्हीच वाचा. दारूची दुकानं उघडायला परवानगी मे २०२०. हॉटेलं आणि बार ५ ऑक्टोबर २०२०. देवळं १६ नोव्हेंबर २०२०, पाडव्याला. नववी ते बारावी २३ नोव्हेंबर २०२०, तीही स्थानिक प्रशासनाने ठरवल्यास. पाचवी ते आठवी २७ जानेवारी २०२१, आणि लाट आल्यावर पुन्हा बंद. पहिली ते चौथी, ग्रामीण भागात, १ डिसेंबर २०२१. जानेवारी २०२२ मध्ये परत काही दिवस कुलूप. म्हणजे बारमध्ये बसायला परवानगी मिळाली त्यानंतर जवळजवळ १४ महिन्यांनी माझी पहिलीतली मुलं वर्गात बसली. तोवर ती दुसरीत गेली होती आणि दुसरीचंही अर्धं वर्ष सरलं होतं. महसूल कुठून येतो ते मला कळतं. पण ही यादी जर कुणी न सांगता ठेवली असती, तर वाचणाऱ्याला आपल्या राज्यात कशाचं मोल किती, ते आपोआप समजलं असतं.

‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ अशी अभ्यासमाला रोज व्हॉट्सॲपवर यायची. मी ती मनापासून पुढे पाठवायची. माझ्या वर्गात २६ मुलं, स्मार्टफोन असलेली घरं सात, त्यातल्या चार घरांत फोन बापाबरोबर रानात. टीव्हीवरची ‘टिलीमिली’ चांगली होती, लाइट असेल तेव्हा. डिसेंबरात मुलं आली तेव्हा दुसरीच्या वर्गात पेन्सिल कशी धरायची इथून सुरुवात केली. ‘असर’ या मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचं पुस्तक वाचू शकणारी २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के उरली. वाचन मागे पडलं तर ते भरून काढता येतं, मी ३१ वर्षं तेच केलं. जे भरून येत नाही ते पुढे आहे.

मी वरच्या वर्गांनाही शिकवायची. सातवीतली एक मुलगी होती, निबंध चांगला लिहायची, एसटीत कंडक्टर व्हायचं म्हणायची. कारण काय तर कंडक्टरला रोज गावाबाहेर जायला मिळतं. मे २०२१ मध्ये तिचं लग्न झालं. त्या महिन्यात लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी होती. म्हणजे मंडप नाही, जेवणावळ नाही, बँड नाही. मुलीच्या बापाने मला नंतर सरळ सांगितलं, “बाई, एवढ्या स्वस्तात परत कधी उरकलं असतं?” शाळा बंद, पोरगी दिवसभर कोपीवर एकटी, पुढच्या हंगामाला जोडीने कोयता मिळेल, वर खर्च वाचतोय. गर्दी होऊ नये म्हणून काढलेल्या आदेशाने आमच्याकडे लग्न स्वस्त केलं. आदेश काढणाऱ्याच्या मनातही हे आलं नसेल, आणि मी म्हणते ते हेच.

ते लग्न थांबवणार कोण होतं? कायद्याने गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. ते विलगीकरण केंद्राच्या ड्युटीवर. त्यांना मदत करणार अंगणवाडीताई, त्या सर्वेक्षणावर. वर्गात पोरगी चार दिवस दिसली नाही की चौकशीला घरी जाणारी मी, मी लसीकरणाच्या टेबलावर. आशाताईने मला फोन करून कुणकुण दिली होती. १०९८ ला फोन लावता आला असता. मी म्हटलं, उद्या बघू. उद्या दोन तासांत लग्न झालं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे २० ते २४ वयाच्या बायकांमध्ये १८ च्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के होतं, आणि बीडमध्ये त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणजे आमच्याकडे उतार होताच, आदेशांनी वरून पाणी सोडलं. त्या मुलीला आता दोन लेकरं आहेत. मागच्या दिवाळीत एसटी स्टँडवर भेटली. कडेवर एक, हाताला एक. पाया पडली. आम्ही दोघी पाच मिनिटं हवापाण्याचं बोललो.

मनाच्या आजाराबद्दल शहरातले लोक ‘डिप्रेशन’, ‘अँक्झायटी’ म्हणतात. आमच्याकडे म्हणतात “घाबरं होतंय”, “जीव लागंना”, “डोक्यात भुंगा फिरतोय”, “रातभर उघड्या डोळ्यानं पडतो”. हातातल्या ऑक्सिमीटरवर ९८ दाखवत असायचं आणि समोरची बाई सांगायची की छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटतंय. फॉर्मवर रकाने होते ते तापमानाचे, ऑक्सिजनचे, साखरेचे, रक्तदाबाचे. मी ‘निरंक’ लिहून पुढच्या दारी जायचे. नवरा दिवसभर घरात, त्याला काम नाही, दारू चोरून तिप्पट भावाने आणलेली, आणि बायकांची एकमेकींजवळ बोलायची जागा म्हणजे हातपंप, तिथेही अंतर ठेवायचं. मारहाणीच्या किती गोष्टी दाराच्या फटीतून ऐकल्या, त्या इथे लिहीत नाही. लिहिल्या तर बायका ओळखू येतील.

म्हाताऱ्यांचंही तसंच. २०२० ला वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. निर्णय योग्य होता, तेवढी गर्दी परवडली नसती. पण ४० वर्षं न चुकता चालणाऱ्या आमच्या एका माळकऱ्याने त्या आषाढीला दिवसभर अंगणात येरझारा घातल्या, आणि संध्याकाळी सुनेला विचारलं, “किती मैल झाले असतील गं?” अशा माणसाशी बोलायला गावात कुणी तरी असायला हवं होतं, एवढंच.

आकडेच हवे असतील तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आहेत. महाराष्ट्रात आत्महत्या २०१९ मध्ये १८,९१६, २०२० मध्ये १९,९०९ आणि २०२१ मध्ये २२,२०७. देशात २०२१ च्या १,६४,०३३ आत्महत्यांपैकी ४२,००४ रोजंदारी मजुरांच्या, म्हणजे चारातला एक. ही सगळी वाढ टाळेबंदीने झाली असं मी म्हणणार नाही. आजार होता, कर्ज होतं, पाऊस होता, आणि माणसाच्या मरणाला एकच कारण क्वचित असतं. पण याच दोन वर्षांत याच लोकांचं काम आदेशाने थांबलं होतं, तर या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध किती हे तपासायची उत्सुकता तरी सरकारला वाटायला हवी. मानसिक आरोग्याचा कायदा २०१७ चा, त्यात उपचाराचा हक्क लिहिलेला. टेलिमानसची १४४१६ ही फोनसेवा सुरू झाली १० ऑक्टोबर २०२२ ला. चांगली सोय आहे, मी स्वतः दोघांना तो नंबर लावून दिला. फक्त ती आली तेव्हा सगळे निर्बंध उठून सहा महिने झाले होते.

तुम्ही विचाराल, मग काय करायचं होतं? माणसं मरू द्यायची होती? मार्च २०२० मध्ये तुमच्या जागी मी असते तरी कदाचित हेच केलं असतं. तेव्हा रोग कसा पसरतो हेही धड ठाऊक नव्हतं, हाताशी लस नव्हती, मास्कसुद्धा नव्हते. त्या पहिल्या दोन महिन्यांबद्दल माझं भांडण नाही. भांडण आहे ते एप्रिल २०२१ बद्दल. तोवर वर्षाचा अनुभव गाठीला होता. वसतिगृह बंद केलं की पोरं उपाशी राहतात, कागद लावला की घर वाळीत पडतं, तोंड दाखवलं नाही की बायको वाट बघत बसते, हे सगळं गावोगाव दिसलेलं होतं. तरी ‘ब्रेक द चेन’चे आदेश निघाले तेव्हा त्यांत यातलं काही शिकल्याची खूण नव्हती. कशी असणार? खालून वर जे जात होतं ते फक्त पॉझिटिव्ह किती, खाटा किती, डोस किती.

पैसे दिले नाहीत असंही मी म्हणत नाही. आई-वडील दोघं गेलेल्या मुलांच्या नावे पाच लाखांची ठेव झाली, मृतांच्या वारसांना ५० हजार मिळाले, विधवांसाठी मिशन वात्सल्य आलं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि सरकारने तो राज्यभर उचलून धरला, याचाही मला अभिमान आहे. जावेचे ५० हजार आले. चौथ्या खेपेला, कारण आधी दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नव्हतं.

आता मागणी. प्लेगमध्ये एवढा जुलूम करणाऱ्या इंग्रज सरकारनेसुद्धा १८९८ मध्ये प्लेग कमिशन नेमलं, ते देशभर फिरलं आणि साक्षी नोंदवून घेतल्या, त्या छापील आहेत. त्याच इंग्रजांच्या देशात आज कोरोनाची जाहीर चौकशी झाली. निवृत्त न्यायाधीश हेदर हॅलेट तिच्या प्रमुख, आणि ‘एव्हरी स्टोरी मॅटर्स’ या नावाखाली साध्या माणसांनी आपापले अनुभव तिथे नोंदवले. आपण आपल्या राज्यात तालुक्याच्या पातळीवर तेवढं करावं. पंचायत समितीच्या सभागृहात चार दिवस बसा. तहसीलदार, आरोग्य अधिकारी, गटशिक्षणाधिकारी आणि जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पथकातला एक माणूस. समोर आशाताई, ग्रामसेवक, मुकादम, कोयत्यावरच्या बायका, गिरणीवाले, कीर्तनकार, स्मशानातले कर्मचारी. शिक्षा कुणाला द्यायची नाही. फक्त कोणत्या आदेशाचं खाली काय झालं, ते ऐकायचं आणि लिहायचं.

आणि त्यातून आराखड्यात चार गोष्टी पक्क्या उतरल्या तरी पुष्कळ. शेवटचं तोंड दाखवणं हा कर्मचाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न राहू नये, न दाखवल्यास कारण लेखी द्यावं लागावं. शाळा बंद झाली तरी हंगामी वसतिगृहाचं आणि पोषण आहाराचं शिजलेलं जेवण एक दिवसही थांबू नये. बालविवाह रोखायची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यातल्या एकाला तरी त्या कामावरून उचलू नये. आणि प्रत्येक निर्बंधाच्या कागदावर तो कधी तपासायचा आणि कुणी उठवायचा, ती तारीख आणि ते पद छापलेलं असावं. लावणाऱ्याचं नाव असतं तसं काढणाऱ्याचंही.

सर्वेक्षणाच्या वेळी मी फॉर्मशिवाय एक २०० पानी वही जवळ ठेवली होती. पुढून घरांचे क्रमांक आणि ऑक्सिजनचे आकडे. मागून, उलट्या बाजूने, ज्याला फॉर्मवर जागा नव्हती ते लोकांचं बोलणं. तारखा आहेत, वस्त्यांची नावं आहेत, माणसांची नावं मी खोडली आहेत. मागची ४३ पानं भरली आहेत. सुनावणी पाटोद्याला ठेवा किंवा मुंबईला बोलवा, वही घेऊन मी येईन. पहिली साक्ष माझीच घ्या, आणि सुरुवात त्या १७ कागदांपासून करा. आबांचं दार मला अजून चुकवून जावं लागतं.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
तालुका पाटोदा, जिल्हा बीड